खांद्याला बसलेली रायफल

बहारीनची राजधानी मनामा इथल्या शिकारीच्या बंदुकांच्या दुकानात गोपीनाथ सेल्समन होते, त्याआधी भारतीय फौजेत. कुवेतची लढाई संपली त्या वर्षी तरुण जासिम आपली पहिली रायफल घ्यायला आला.

"सेल्फ-लोडिंगच दाखवा, गोपीभाई. एकामागून एक गोळ्या झाडता येतात, मध्ये थांबायला नको."

"आधी खांद्याला बसते का बघा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नेम आपसूक जुळला, तर ती तुमची."

त्यांनी रिकामी रायफल उचलून करून दाखवलं. ती खांद्याला चपखल बसली. डोळे मात्र मिटलेलेच राहिले.

"आता उघडा की!"

गोपीनाथांनी चाचपडत रायफल काउंटरवर ठेवली.

"तुम्ही उघडा. मी उघडले, की समोर एकजण अजून हात वर करून उभा असतो."