दुसऱ्या नमुन्याचा निकाल

बंदराच्या फाटकावर तळहात टेकला की घामावरून नशा ओळखली जाई. तेवीस वर्षं क्रेन चालवणाऱ्या सुगंधा तांडेलांना त्या फाटकानं कधीच अडवलं नव्हतं. आज मात्र लाल दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'अफूसारखं द्रव्य आढळलं.' मागच्या रांगेतली कुजबुज ऐकून त्यांचे कान तापले. नशा सिद्ध झाली, तर क्रेनचा परवानाच जाणार होता.

"मी साधी सुपारीसुद्धा खात नाही हो," त्या कंपनीच्या डॉक्टरांना म्हणाल्या. "दुसरा नमुना तपासा. तो माझा हक्क आहे."

"आहेच की," म्हणत डॉक्टर फरझाना मुकादमांनी त्यांचं रक्त घेतलं.

अर्ध्या तासानं निकाल बघून डॉक्टर चक्रावल्या. "बाहेरचं काहीच नाही यात. हे अफूसारखं द्रव्य तुमच्याच शरीरानं बनवलंय. सकाळी केलंत तरी काय?"

सुगंधाबाई संकोचल्या. "धाकट्या बहिणीचा फोन आला होता. अकरा वर्षांचा अबोला होता आमचा. आधी दोघी रडलो, मग आईच्या नकला करत तासभर हसलो. अजून पोट दुखतंय."

"मग बरोबर! इतकं रडल्या-हसल्यावर शरीर स्वतःच असं द्रव्य सोडतं," म्हणत डॉक्टरांनी नोंदवहीतला नशेचा शेरा खोडला. "नोकरी शाबूत आहे तुमची. पण अशा तारेत मी तुम्हाला क्रेनवर चढू देणार नाही. आज भरपगारी सुट्टी!"

बाहेर पडताच सुगंधाबाईंनी बहिणीला फोन लावला. "हेमे, भात जास्त टाक. मी जेवायला येतेय."