एका दमाची रेघ

भिंतीच्या तळाशी, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'अमर पेंटर, मंगरूळपीर', आणि त्याखाली तारीख. सुकेशनीनं बोटांवर दिवस मोजले. आठ. म्हणजे आठ दिवसांमागं तिचा बाप इथं कारंजा गावात होता. इथून मंगरूळपीर एस.टी.नं तासाभराचं, आणि हा माणूस घराकडं फिरकलासुद्धा नाही.

साक्षी तिला फोटो काढायची घाई करत होती. मामाकडं आली असताना कापसाच्या जिनिंगच्या कुंपणाची ही ताजी रंगवलेली भिंत तिनंच पाहिली होती, आणि आज रविवार साधून मैत्रिणीला ओढत आणलं होतं. सुकेशनीच्या हातात आईचा मोबाइल होता. तो तिनं वर केला आणि पुन्हा खाली घेतला.

हे सगळं त्या प्रोजेक्टपायी. नव्यानं आलेल्या वर्षाराणी मॅडमनी पहिल्याच तासाला नववीच्या पोरांचे डोंगर, झोपडी आणि नारळाचं झाड बंद करून टाकलं. घरामागं नारळ आहे त्यानं हात वर करा, म्हणाल्या. एकही हात वर झाला नाही. मग आज हयात असलेला, आज काम करणारा चित्रकार शोधायचा, त्याच्या कामाशी जुळेल असं गाणं शोधायचं, आणि दोन्हींतून आपलं चित्र काढायचं, असं ठरलं. साक्षीनं लगेच मोबाइलवर बादलीनं रंग फेकणारा कोणी परदेशी गडी गाठला आणि त्याला छाती हादरवणारं डीजेचं गाणं लावलं. सुकेशनीला मात्र एकच चित्रकार ठाऊक होता, आणि त्याच्याशी तिची बोलचाल बंद होती.

अमर पेंटरचा एक काळ होता हो! मंगरूळपीरच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. भिंतीवर अक्षरं काढताना तो चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी म्हणायचा. सगळी अक्षरं उरकली की वरची रेघ तेवढी शेवटाला ठेवायचा. मग ब्रश रंगात बुडवायचा, छाती भरून दम घ्यायचा, गाण्याचा शेवटचा सूर उचलायचा आणि त्या सुरासोबत रेघ ओढत निघायचा. आठ हात रेघ एका दमात! सूर संपायचा तिथंच रेघ संपायची. रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून पाहायचे. खाली रंगाचा डबा धरून त्याच्यासोबत धावायचं काम सुकेशनीचं. मधे दम तुटला तर, असं तिनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "तुटलेली रेघ लपत नसते, बेटा."

पुढं फ्लेक्सचे बोर्ड आले आणि त्याचा धंदा बसला. तो पुण्याकडं एका कारखान्यात स्प्रेनं रंग मारायला गेला. जयंतीला येतो, म्हणाला. तीन जयंत्या झाल्या. मधे कारखाना सुटला, आता भिंतींच्या जाहिराती करत गावोगाव फिरतो, असं फोनवर आईला सांगायचा. पोरीची चौकशी करायचा, की ही उठून अंगणात जायची. रागाचं नुसतं नाव. दर रविवारी दुपारी फोन वाजेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

जिनिंगचे चौकीदार मारोतराव काठी टेकत आले. पोरी कोणाच्या, काय, अशी विचारपूस झाली. पेंटरची लेक म्हटल्यावर त्यांनी तिला नीट न्याहाळलं. दोन दिवस होता इथं, म्हणाले. भला माणूस. कामात मात्र मंद, घडोघडी खाली बसे.

"गाणे म्हनत होते का?" सुकेशनीनं विचारलं.

"गाणे? नाही वो बाई. चूपचाप रंगवत होता."

सुकेशनी भिंतीकडं वळली. इतका वेळ तिनं फक्त नाव आणि तारीख पाहिली होती. आता ती वर पाहू लागली. बियाण्याच्या कंपनीचं नाव, गेरूच्या रंगात, तीच ठसठशीत अक्षरं. मग तिनं रेघ पाहिली आणि तिथंच खिळली. रेघ अक्षरा-दोन अक्षरांवर थांबली होती. तिथं ब्रश उचलला होता, पुन्हा टेकवला होता, जोडावर रंग जाड झाला होता. पुढं परत तसंच. एक जोड, दोन, तीन, चार. शेवटची वीतभर रेघ तर थरथरत गेली होती.

बाप घराचा रस्ता विसरला नव्हता. त्याचा दम तुटला होता, आणि तसं तोंड त्याला घरी दाखवायचं नव्हतं.

साक्षी काय झालं म्हणून विचारत राहिली. सुकेशनीचे डोळे भरून आले होते आणि तिला मोबाइलवरचे आकडे धड दिसेनात. दुपारच्या फोनची वाट पाहायला ती थांबली नाही. तिनं स्वतःच नंबर लावला.

पलीकडून आधी खोकला आला. बराच वेळ आला. मग आवाज, "हं, अंजू, बोल."

"आई नाही, बाबा. मी हावो."

पलीकडून नुसता श्वास, घरघरणारा.

"मले प्रोजेक्टमदी तुमची रेघ पायजे," ती म्हणाली. "घरी या. आर्धी तुमी वढा, आर्धी मी वढीन."