आवाज कमी येतोय

ममताचं ठरलेलं लग्न मोडलं. पण त्यात आपला काही दोषच नाही अशा थाटात तिचे वडील पंढरीनाथ भाईंदर पश्चिमेच्या मोबाइलच्या दुकानात शिरले आणि त्यांनी फोन काउंटरवर आपटला.

"आवाजच येत नाही! काल व्याह्यांना चारदा सांगितलं मोठ्याने बोला, तरी आपले पुटपुटतायत. मग काय, घातल्या शिव्या!"

दुकानदाराने टाचणीने फोनच्या स्पीकरच्या जाळीतून चिमूटभर कुंकू कोरून काढलं. "अंकल, ये क्या है?"

"नवा फोन! दसऱ्याला पूजा नको?" पंढरीनाथ कडाडले.

घरी येऊन त्यांनी तणतणतच मोबाइल कंपनीला अर्ज लिहिला: "कालच्या कॉलमधील माझ्या सर्व शिव्या व्याह्यांच्या कानांतून तात्काळ परत घेऊन तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती."