समासातली गर्दी

“दुसरी आवृत्ती? अहो, पहिलीच रद्दीत घातली!” प्रकाशकाने हात झटकले. चडफडत लेखक उठला आणि कादंबरीची उरलेली एकुलती एक प्रत घेऊन झेरॉक्सच्या दुकानात शिरला.

मुखपृष्ठ बघून, पानं चाळून दुकानदाराने ती परत केली. “ही कोरी कोण घेणार? आमची बघा.”

त्याने फळीवरून गठ्ठा काढला. कादंबरी तीच, पण समासात नाना तऱ्हेची अक्षरं. ‘इथे मी रडले.’ ‘मी नाही!’ ‘या नायकाच्या थोबाडीत द्या कोणीतरी.’

“जो वाचतो तो शेरे मारून आणतो, पुढचा त्याचीच झेरॉक्स मागतो. नुसती झुंबड असते. किती काढू?”

लेखकाची छाती फुगली. “दोन. एक प्रकाशकाच्या टेबलावर आपटायचीय.”

“आणि दुसरी?”

“मला वाचायचीय.”