लॅपटॉपचं अपग्रेड

नवऱ्याने सकाळीच लॅपटॉपवर लिनक्सचं नवं व्हर्जन टाकलं. तेव्हापासून स्पीकर मुका झाला होता, वायफाय रुसलं होतं, ओळखीची बटणं भलतीकडेच जाऊन बसली होती. पण पठ्ठ्याच्या कपाळावर एक आठी नाही.

आतल्या खोलीत तान्ह्या लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मात्र तो खुर्चीतूनच ओरडला, "अगं, अजून तिला गप्प करता येत नाही तुला? आई झालीस ना?"

रात्रभर जागलेल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला खांद्यावर टाकून ती तरातरा बाहेर आली. तो फोनवर मित्राला समजावत होता, "छे रे, वैतागायचं कशाला? नवीन आहे, सुरुवातीला कुरकुरणारच. आपणच जरा धीर धरायचा, काय बिनसलंय ते बघायचं. जमतं हळूहळू."

तिने त्याच्या हातातला फोन काढून घेतला, लॅपटॉप फटकन मिटला आणि ओल्या दुपट्यासकट रडती लेक त्याच्या मांडीवर ठेवली.



"ही नवीन आहे आणि हिची आईसुद्धा नवीनच आहे. आता धर धीर!"