तळ्याची माय

"उठ! पोरगी हाय ते, देव नाही!"

रेवताबाईनं नागपूरहून आलेल्या पाहुणीला दंडाला धरून उठवलं. रांग थबकली.

तळ्याच्या पाळीवरच्या त्या देवळात मूर्ती नव्हतीच. पाटावर बसायची चंद्रकांता, तळ्याच्या मायची लेक. वीस वर्षांची पोर, कपाळभर कुंकू, गळ्यात हारांचं ओझं. एशियाडच्या वर्षी एस.टी.चा थांबा मिळाला, 'प्रेक्षणीय स्थळ' अशी पाटी लागली, आणि सहलीची पोरंही तिच्या पायांना हात लावू लागली. जित्याजागत्या पोरीचं बुजगावणं करून ठेवलं होतं, आणि गावाला त्याचा केवढा अभिमान! चहाच्या टपऱ्या तेवढ्या वाढल्या.

कृष्णराव पाटील घंटा घेऊन पुढे आले. ते चंद्रकांताचे थोरले काका आणि देवळाचे कर्तेधर्ते. कोणी अंगावर आलं की कथा सांगून त्याला गार करायचं, ही त्यांची जुनी रीत.

"आयक बाई. माह्या धाकट्या भावाची बायको होती ते. भाऊ गेला, तेरवी झाली, अन् तिनं दुधपिती पोर पाळीवर ठेवून तळ्यात उडी घेतली. मोठी मर्यादेची बाई! मी भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. माह्यासमोर पदर कधी हनुवटीच्या वर नाही आला. चार वर्षं एका घरात होती, पन मी तिचं तोंड नाही पायलं, आवाज नाही आयकला. अशा बाया आता हाय कुठं?"

पाहुण्यांनी हात जोडले. नारळवाली धुरपता मात्र रेवताबाईकडेच बघत होती. हातातला नारळ फोडायचा राहून गेला होता.

"मर्यादा म्हने!" रेवताबाई कडाडली. "रांडपन आल्यावर तिले ढोराच्या कोठ्यात कोनं निजवलं, ते बी सांगा ना पाटील!"

कृष्णरावांचा चेहरा उतरला. "तुले कोनं सांगतलं?"

"बायाइले सारं ठाऊक रायते."

धुरपतानं मान खाली घातली.

रेवताबाईचा नवरा आसाराम टोपी हातात धरून मागे उभा होता. त्याच्या खांद्यावरचं जाळं पाहून कृष्णरावांना जोर आला.

"ढिवराची बायको ना तू? तुमच्याच लोकाइनं जाळे टाकले होते तवा."

"मीच टाकलं होतं, पाटील," आसाराम म्हणाला.

"मंग सांग सर्वाइले. मुडदा भेटला काय?"

आसारामनं बायकोकडे पाहिलं. "नाही. मुडदा नाही भेटला."

"पाय! माय तळ्यात सामावली."

"ते राहू द्या," रेवताबाई म्हणाली. "सानगडीचं स्थळ काहून परतवलं? पोरीले पसंत होतं. साऱ्या बजारात बोलून राहिले लोक. जलमभर पाटावर बसवता काय तिले?"

चंद्रकांतानं वर पाहिलं नाही. तिचे आसू हारांवर पडत होते, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. दोन्ही हात आशीर्वादाला धरून ठेवायचे असत.

कृष्णराव पाहुण्यांकडे वळून हसले. "देवीच्या लेकीचं लगन लावनारा मी कोन? मायनं सोता येऊन हुकूम द्यावा. आजच लावतो. भर देवळात सांगतो."

पाहुणेही हसले.

रेवताबाई हसली नाही. तिनं एकदा चंद्रकांताकडे डोळे भरून पाहिलं. मग दोन्ही हातांनी पदर धरला, हनुवटीखालपर्यंत ओढला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून तिरपी उभी राहिली.

धुरपता रडू लागली.

ते उभं राहणं कृष्णरावांनी चार वर्षं रोज पाहिलं होतं. त्यांच्या हातातली घंटा खाली पडली.

"हुकूम हाय," पदराआडून आवाज आला. "लावा माह्या पोरीचं लगन."