निळ्या जिभेचा भोपू

"काकू, जीभ नीट उमटली नाहीये. पुन्हा काढा."

छपाईच्या दुकानातल्या काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, कुत्र्याची जीभ ती. पोरं रंगवणार आणि फाडून टाकणार. तिची एवढी काय काळजी?"

"जीभच महत्त्वाची आहे."

काकूंनी यंत्रात अडकलेला कागद ओढून काढला आणि पुन्हा बटण दाबलं. भोपू सरसरत बाहेर आला. लोंबते कान, गुबगुबीत पाय, बाहेर लटकलेली जीभ. आत सगळा कोरा.

"कोरा आहे म्हणून बरं," काकू म्हणाल्या. "रंगीत असता तर शाईपायी माझं दिवाळं निघालं असतं."

ती हसली नाही. कागद उजेडाकडे धरून बघत राहिली.

भोपू तिनं पहिल्यांदा चिमुकल्या खारूसाठी काढला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती काढायची आणि खारू रंगवायची. भोपूची जीभ खारू नेहमी निळी करायची. का, म्हणून विचारलं की म्हणायची, "त्यानं शाई प्यायलीय." पुढच्या एका पायावर पट्टे ओढायची. "मोजा आहे. दुसरा हरवला."

मग एका सकाळी माणसं आली आणि खारूला घेऊन गेली. तिनं दाराची चौकट धरून ठेवली, आरडाओरडा केला, एकाच्या हाताला कडकडून चावलीसुद्धा. काही उपयोग झाला नाही. त्यानंतर बरेच महिने तीही घरी नव्हती. परत आली तेव्हा भावानं खोली आवरून टाकली होती. खारूचा रंगखडूसुद्धा ठेवला नव्हता.

"पोलिसांकडे गेलीस का गं?" पोरीला नेल्याचं ऐकून काकूंनी हळूच विचारलं.

"ते त्यांच्याच बाजूचे."

"आणि पोरीचा बाप?"

"त्यानंच तर नेलं."

काकूंनी कागदांचा गठ्ठा नीट बांधून तिच्या हातात दिला आणि वर दोन कोरे पुठ्ठे ठेवले. "राहू दे. कामाला येतील."

शाळा, वाचनालयं, लहान मुलांचे दवाखाने. जिथं मुलं बसून कंटाळतात तिथं तिनं भोपू पोचवला. इंटरनेटवरही फुकट ठेवला, कुणीही छापून घ्यावा. प्रत्येक कागदाच्या तळाशी लिहिलं होतं: रंगवा, कापा, काडीवर चिकटवून बाहुलं करा, आणि फोटो पाठवा.

फोटो येऊ लागले. तपकिरी भोपू, ठिपक्यांचे भोपू, गुलाबी भोपू, एक तर चक्क झेब्रा. ती एकेक फोटो मोठा करून बघायची. जीभ लाल. जीभ लाल. जीभ गुलाबी. समोरचं ताट तसंच थंड व्हायचं.

"पुन्हा तेच सुरू केलंस?" भाऊ दारात उभा राहून म्हणाला. "कोर्टानं काय सांगितलंय, विसरलीस?"

"कोर्टाला काय कळतं, दादा? ती तापानं फणफणली तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? तिला बुटाची नाडी बांधायला कुणी शिकवलं?"

"मला सगळं ठाऊक आहे. पण आता सोड तिचा नाद. हात जोडतो तुझ्यापुढं."

"ती मला शोधत असेल."

भाऊ ताट उचलून आत घेऊन गेला.

फोटो आला तो एका लांबच्या गावाहून. मुलांच्या वाचनालयातला हस्तकलेचा वर्ग, भिंतीवर दोरीला टांगलेली बाहुली. कडेच्या भोपूची जीभ निळी होती. पुढच्या एका पायावर पट्टे होते.

कडेचा भोपू तिनं मोठा करून पाहिला. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव लिहिलं होतं. ते खारूचं नव्हतं.

"नावसुद्धा बदललं तिचं," ती पुटपुटली आणि तोंडावर पदर दाबून रडली.

हस्तकलेच्या बाईंना तिनं स्वतःच फोन केला. भोपू काढणारी चित्रकार आपल्या वर्गाला येते म्हटल्यावर बाईंना कोण आनंद! "अहो, विचारताय काय? मुलं नाचतील नुसती!"

भावाला न सांगता ती पहिल्याच बसनं निघाली. वाटेत नाडी सुटलेलं एक मूल दिसलं तरी तिचा जीव गलबलायचा. खारू आता उंच झाली असेल. केस कापले असतील का? ओळखेल ना?

वाचनालयाच्या खोलीत खळीचा वास होता. बुटक्या टेबलांभोवती मुलं कात्र्या घेऊन बसली होती. काहींच्या आया मदतीला आल्या होत्या.

"बघा कोण आलंय!" हस्तकलेच्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "आपल्या भोपूला जन्म देणाऱ्या ताई!"

मुलांनी गलका केला. तिला कुणाचंच काही ऐकू आलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर, आखूड केसांची, दात पडलेली एक मुलगी निळ्या खडूनं जीभ रंगवत होती.

ती सगळ्यांमधून वाट काढत पुढं गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"खारू," ती म्हणाली. "खारू, मी आले गं. चल, घरी जाऊ."

मुलीनं वर पाहिलं. निळा खडू तिच्या हातातून गळून पडला. खुर्ची पाडून ती धावत सुटली आणि कोपऱ्यात पुठ्ठे कापत बसलेल्या एका बाईच्या कुशीत शिरली.

"आई, मला बागेतून पळवून नेलं होतं ना, ती हीच बाई!"